लुगडे, चोळी आणि दागिने : रंगांचा मेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई महिन्यापूर्वी माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, यंदा तुम्ही बोलायचे. पण उपदेश नको, उपयोगाचे काहीतरी सांगा." शिवणवर्गात ज्या बाईने उभा जन्म काढला, तिच्याजवळ उपयोगाचे म्हणून दुसरे काय असणार? तेव्हा मी लुगड्यावरच बोलणार आहे. कोणत्या लुगड्यावर कोणती चोळी घ्यावी, अंगावर काय घालावे आणि काय घरी ठेवावे, एवढाच विषय. मात्र शेवटी माझी स्वतःची एक चूकही तुम्हांला सांगावयाची आहे, ती या विषयातलीच आहे.

विषय जुना वाटेल, पण अलीकडे तो पुन्हा दारात येऊन उभा राहिला आहे. आमच्या आयांना नऊवारी लुगडे रोजचे होते. आमच्यापैकी बहुतेकींनी पाचवारी पातळ धरले आणि आपल्या लेकीसुनांनी पंजाबी पोशाख. आता त्याच लेकीसुना लग्नात, गौरी-गणपतीत आणि १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जाताना हौसेने नऊवारी नेसतात. मला त्याचा आनंद वाटतो. पण वर्षातून एकदा नेसायचे म्हटले की घरातले जेवढे म्हणून जुने आहे तेवढे सगळे एकदम अंगावर चढते. गळ्यात ठुशी, वजरटीक, मोहनमाळ, पुतळ्यांची माळ. नाकात नथ, कमरेला पट्टा, दंडात वाकी. वर फेटा आणि डोळ्यांना काळा चष्मा. मुलगी सुरेख असते, लुगडे सुरेख असते, दागिनाही सुरेख असतो. पण पाहणाऱ्याने आधी कशाकडे पाहावे हेच त्याला कळत नाही.

मला हे कोणी शाळेत शिकविले नाही. माझी आत्या होती, तिने शिकविले. ती अक्षरशत्रू होती, पण आमच्या चिखलीकडच्या गावात कोणाच्याही लग्नाचा बस्ता बांधावयाचा असला की दुकानात तिला बरोबर नेत. तिचे पहिले वाक्य ठरलेले असे : "आधी काठाले इचार पोरी, मंग चोळी घे."

या वाक्यात पुष्कळ शहाणपण आहे. लुगड्याला तीन जागा असतात : अंग, काठ आणि पदर. पाचवारीत काठ खाली पायाशी दिसतो आणि पदराबरोबर खांद्यावर येतो. नऊवारीत कासोटा घातला की तोच काठ पोटऱ्यांवरून फिरतो, मागे कासोट्याच्या मधोमध चढतो आणि पुढे छातीवरून खांद्यावर जातो. बाई पुढून, मागून, बाजूने कुठूनही पाहिली तरी काठ दिसतोच. म्हणून नऊवारीत काठ हा घरचा कर्ता आहे. चोळीचा रंग त्याच्याकडून घ्यावा. अंगाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारी चोळी शोधत दहा दुकाने हिंडू नये. अंगाच्याच रंगाची चोळी घातली तर लुगडे आणि चोळी एकमेकांत बुडून जातात; अगदी परका तिसरा रंग आणला तर बाई मधोमध कापल्यासारखी दिसते. काठाचा रंग चोळीत आला की वरचे आणि खालचे आपोआप बांधले जाते.

आता हाच नियम एकेका लुगड्यावर लावून पाहू. इरकल घ्या. तिचे अंग अंजिरी असो, मोरपंखी असो की काळे असो, पदर लालच, त्यात पांढऱ्या पट्ट्या. हा पदर छातीवरून जातो, म्हणजे चोळीच्या अगदी शेजारी बसतो. म्हणून इरकलीवर पदराच्या लालाशी जमणारा खण बेतावा. खणाला स्वतःचा काठ असतो, तो बाहीवर नीट बसवावा. चंद्रकळा काळी; संक्रांतीला ती नेसतात. तिच्या काठात लाल असेल तर लाल चोळी, नुसती जर असेल तर गडद हिरवी किंवा कुसुंबी चालेल. पण काळ्यावर काळी चोळी घालून वर सोन्याचा बाजार मांडू नये. नारायणपेठ पुष्कळदा चौकड्याची असते. तिच्यावर चोळी साधी हवी, बुट्ट्यांची नको, कारण चौकडा आणि बुट्टी दोघीही बोलक्या आहेत, एकीला गप्प बसवावे लागते. नागपूर-भंडाऱ्याकडची करवतकाठी टसराची असते. टसराचा मूळ रंग गव्हाळ, त्यावर करवतीच्या दात्यांसारखा गडद काठ. तिथे तर काठाखेरीज दुसरे काही बघूच नये. आणि पैठणी? तिच्यात पुष्कळदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्याचा असतो, म्हणून हलली की ती रंग बदलते. अशा धूपछाव पैठणीच्या अंगाशी चोळी जुळविणे म्हणजे सावली पकडणे. काठ धरा आणि मोकळ्या व्हा.

आत्याचा दुसरा नियम उजेडाचा. "दुकानातला दिवा दुकानदाराचा असते," असे ती म्हणे आणि कापड उचलून सरळ ओट्यावर उन्हात आणी. माझ्या वर्गात कितीतरी मुलींनी दिव्याखाली डाळिंबी म्हणून घेतलेला खण घरी तपकिरी निघाल्याचे मी पाहिले आहे. नुसते उन्हात नेऊनही भागत नाही. ज्या लुगड्यावर घ्यायचा ते बरोबर न्यावे आणि काठाला काठ लावून पाहावे. कारण रंग एकटा कधीच दिसत नाही, तो शेजाऱ्यासकट दिसतो.

ही गोष्ट पुढे मला एका पुस्तकातही सापडली. पॅरिसला गोबेलँ नावाची नामांकित विणकामशाळा आहे. तिथल्या रंगखात्यावर मिशेल शेव्हरोल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. तिथला काळा धागा पुरेसा काळा नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला तर रंगात काहीच खोट नव्हती. तो काळा धागा निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी विणला जात होता, म्हणून तो फिका दिसत होता. दोष रंगाचा नव्हता, शेजाराचा होता. त्यांनी या विषयाचा मोठा अभ्यास केला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. आमची आत्या तो ग्रंथ वाचणार कुठून? पण गडद निळ्या लुगड्यावर काळी चोळी तिने कोणाला कधी घेऊ दिली नाही.

येथेच मुलींच्या आयांना एक विनंती करते. "ही सावळी, हिला पिवळे शोभत नाही, हिला फिकेच घ्या," असे मुलीच्या देखत म्हणू नका. सावळ्या अंगावर हळदी, कुसुंबी, गर्द हिरवा हे रंग जसे फुलतात तसे क्वचितच कुठे फुलत असतील. तिथेही प्रश्न शेजाराचाच आहे. गळ्याशी येणारा रंग स्वच्छ आणि भरदार असला की चेहरा उजळ दिसतो. मळकट असला की गोरा चेहराही आजारी दिसतो.

आमच्या आया रंगांना शेतातली आणि स्वयंपाकघरातली नावे देत : वांगी, आमसुली, डाळिंबी, अंजिरी, राघू, शेवाळी, मोतिया. 'आमसुली' म्हटले की दोघींच्या डोळ्यांपुढे एकच रंग उभा राही. कुसुंबी रंग तर आपल्या करडईच्या फुलांचा. करडईला कुसुंबा असेही म्हणतात. तिच्या पाकळ्यांपासून हा रंग काढीत. तो मोठा देखणा, पण कच्चा. उन्हाने विटे, धुण्याने जाई. आता रंग कारखान्यात होतात, तरीही नवे गडद लुगडे प्रथम वेगळे धुवावे. त्याआधी पांढरी चिंधी ओली करून कोपऱ्यावर घासून पाहावी. चिंधी रंगली तर ते लुगडे फिक्या चोळीबरोबर कधीही भिजवू नये.

आता दागिन्यांकडे वळू. पण त्याआधी जरा लांबचा फेरफटका मारू. २६ जानेवारीला दूरदर्शनवर संचलन पाहताना लष्कराची पाइप वाजविणारी पथके तुम्ही पाहिली असतील. काहींच्या खांद्यावर चौकड्याचे कापड असते. ही चाल स्कॉटलंडची. तिथले पुरुष कमरेभोवती गुडघ्यापर्यंतचे, मागे चुण्या घातलेले चौकड्याचे लोकरी वस्त्र गुंडाळतात, त्याला किल्ट म्हणतात. पूर्ण किल्टला कापड किती लागते ठाऊक आहे? सुमारे आठ वार! आपल्यापेक्षा एकच वार कमी. जुन्या काळी तर ते न शिवलेले लांब वस्त्र असे. हाताने चुण्या घालून, वर पट्टा बांधून नेसत आणि उरलेले खांद्यावर टाकीत. म्हणजे निऱ्या घालण्याची कटकट फक्त आपल्याच वाट्याला आलेली नाही.

त्यांचे जुळणीचे नियम वाचून मला आत्याची आठवण झाली. चौकड्यात चार-पाच रंग असतात, म्हणून वरचा कोट साधा. पायमोजे आणि गळपट्टी यांना चौकड्यातलाच एखादा रंग घ्यायचा, पुष्कळदा एखाद्या बारीक रेघेचा. पट्ट्याचे चामडे आणि बुटाचे चामडे एकाच रंगाचे. किल्टला खिसा नसतो, म्हणून पुढे कातडी बटवा लोंबतो. त्याचे धातूकाम आणि पट्ट्याचे बक्कल एकाच धातूचे दिसले पाहिजे. थोडक्यात, कापड बोलके असेल तर बाकीच्यांनी त्याचेच शब्द उचलावयाचे.

आपण तेच करू. नऊवारीवर गळ्यात एक दागिना गळ्यालगत आणि एक लांब, एवढे पुरे. ठुशी घातली तर वजरटीक डब्यात राहू द्या. दोन्ही गळ्यालगतच्या आहेत, एकमेकींची जागा खातात. खाली मोहनमाळ किंवा बोरमाळ यांपैकी एक. पदर जरीचा भरगच्च असेल तर लांब माळ त्यात हरवते, तेव्हा नुसती ठुशी घाला. मोत्यांची नथ असेल तर कानात मोत्यांच्याच कुड्या बऱ्या दिसतात. नथ जड असेल तर दोऱ्याने केसांत अडकवा, सोसत बसू नका.

कमरेखाली सोने घालावयाचे नाही ही आपली जुनी रीत, आणि ती डोळ्यालाही बरोबर वाटते. वर सोने आणि पायात चांदी, असे दोन धातू आपापल्या जागी राहिले की भांडत नाहीत. चांदीसाठी आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या जिल्ह्यातले खामगाव कापसासाठी नावाजले होते. १८७० साली जलंबहून तिथे आगगाडीची शाखा आली ती कापसामुळेच. पण आज पैंजण, जोडवी, पूजेची भांडी घ्यावयास माणसे तिथे लांबून येतात आणि गावाला रजतनगरी म्हणतात. नऊवारीत घोटा उघडा राहतो, म्हणून पैंजण दिसतो, आणि पैंजण दिसतो म्हणून चपलाही दिसते. रंगीत प्लास्टिकची चप्पल घालून सारी शोभा घालवू नका. साधी चामडी चप्पल सर्वांत उत्तम. हातात पैशाची पिशवी न्यायची तर उरलेल्या खणाचा बटवा शिवा. चोळी बेतताना वीतभर तुकडा उरतोच. आरशासमोरून निघण्यापूर्वी एक दागिना काढून ठेवा. कोणता, ते आरसाच सांगतो.

येथवर उपयोगाचे झाले. आता आत्याविषयी जे राहिले ते सांगते.

गावभराचे बस्ते जुळविणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या अंगावर मी कधी रंग पाहिला नाही. ती ऐन तारुण्यात विधवा झाली. मला कळू लागले तेव्हापासून तिच्या अंगावर मातकट रंगाचे, बिनकाठाचे वाटावे असे लुगडे. हात मोकळे, कपाळ मोकळे. माझ्या लग्नात माझी चोळी तिने ठरविली, माझ्या निऱ्या तिने घातल्या, काठ किती वर घ्यायचा ते गुडघे टेकून पाहिले, आणि मी मांडवात गेले तेव्हा ती आतल्या खोलीत राहिली. मला त्या वेळी त्यात काही वावगे वाटले नाही. तिलाही वाटले असेल का, हे मी तिला कधी विचारले नाही.

मघाशी किल्ट सांगितला. १७४६ साली इंग्रज सरकारने कायदा करून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना आणि मुलग्यांना तो पोशाख करण्याची बंदी केली. फक्त सैन्यातल्यांना मोकळीक होती. १७८२ साली तो कायदा उठला. छत्तीस वर्षे. माझ्या आत्याला कोणत्याही सरकारने बंदी केली नव्हती, म्हणून ती उठविण्याचा दिवसही कधी आला नाही.

एवढे सगळे पाहिलेल्या माझ्यासारख्या बाईने काय करावे? काही वर्षांपूर्वी आपले मंडळ प्रथमच एकत्र सिंदखेडराजाला जावयाचे ठरले. एकसारखे दिसावे म्हणून मीच सुचविले की सर्वांनी हिरवे लुगडे नेसावे आणि हातभर हिरव्या बांगड्या भराव्या. सर्वांना पसंत पडले. जाण्याच्या आदल्या दिवशी आपल्यापैकी तिघींचे निरोप आले : एकीचे गुडघे दुखत होते, एकीकडे पाहुणे आले होते, एकीने काहीच कारण दिले नाही. तिघींनाही यजमान नव्हते. मला ते परत येताना बसमध्ये लक्षात आले. तोवर आम्ही जिजाऊंच्या जन्मस्थळी हात जोडून आलो होतो.

भगिनींनो, जिजाऊंचा जन्म तिथे १५९८ साली झाला. १६६४ साली शहाजीराजे गेले. त्यानंतर दहा वर्षे जिजाऊ होत्या; त्या काळात महाराज आग्र्याला गेले आणि सुटून आले, १६७४ साली त्यांना राज्याभिषेक झाला आणि तो पाहून थोड्याच दिवसांत त्या निवर्तल्या. म्हणजे ज्यांच्या दर्शनाला आम्ही गेलो त्या स्वतः दहा वर्षे विधवा होत्या, आणि आमच्या विधवा मैत्रिणींना आम्ही हिरव्या बांगडीसाठी घरी ठेवून गेलो. आम्ही म्हणते, पण रंग ठरविला होता मी.

जिने कारण दिले नव्हते तिच्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेले आणि माफी मागितली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "हिरवं कुठून नेसू बाई? आणि नेसलं असतं तर तुमच्यातल्याच चौघींनी पाहिलं असतं." हे उत्तर मला अजून विसरता येत नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हे अनुसरावे असे आवाहन केले. ठराव चांगलाच आहे. पण "चौघींनी पाहिलं असतं" यावर ठराव चालत नाही, ते आपल्याच डोळ्यांचे काम आहे.

म्हणून पुढच्या वर्षी आपण रंग ठरविला नाही. जिचे जे लुगडे असेल ते तिने नेसावे, चोळी मात्र आपापल्या काठाच्या रंगाची घ्यावी, एवढेच ठरले. तुमच्यापैकी पुष्कळजणी त्या दिवशी होत्या. पन्नास बायका, पन्नास लुगडी, आणि तरी सगळ्या एका घरच्या वाटत होत्या. हिरवा गणवेश करून जे साधले नव्हते ते काठाने साधले.

जिच्याकडे मी गेले होते तिने ट्रंकेतून अंजिरी इरकल काढली. अकरा वर्षे ती एकाच घडीत होती. सुती अंग धड होते, पण पदराचे रेशीम घडीवर चिरले होते. (म्हणून सांगते, ठेवणीतले लुगडे वर्षातून दोनदा उलगडून त्याची घडी बदला.) आम्ही दोघींनी मागून मलमलीची पट्टी लावली आणि चीर चुणीत जाईल असा पदर घेतला. लाल खणाची चोळी मी रात्री बसून शिवली. बांगड्यांचा डबा पुढे केला तेव्हा ती थांबली. मी काही बोलले नाही. तिने लाल काचेच्या दोन घातल्या, काठाशी धरून पाहिल्या आणि म्हणाली, "जरा गडद हव्या होत्या, नाही?" तिचे बरोबर होते. गडदच हव्या होत्या.

यंदाही १२ जानेवारीला जावयाचे आहे. बस पहाटे पाच वाजता मंडळाच्या दारातून निघेल. ज्यांना चोळीचा रंग ठरत नसेल त्यांनी लुगडे घेऊन दुपारी माझ्या घरी यावे; माझ्या ओट्यावर ऊन चांगले येते. येताना शेजारच्या त्या घरातही डोकवा, जिला आपण गृहीत धरून कधी विचारतच नाही. तिला म्हणावे, ट्रंक उघडा, काठ पाहू.